ग्वाल्हेरच्या थंडीत कुंडीतलं फळझाड विकत घेताना

ग्वाल्हेरचा थंडीतला व्यापार मेळा भरलेला असतो त्या दिवसांत इथल्या एखाद्या नर्सरीत चक्कर मारा. अंजिराला एक पान नसतं, पेरू जांभळट पडलेला असतो, लिंबू पिवळं आणि पपईचा शेंडा काळा. तुम्ही विचारता, "भैया, यह सूख गया क्या?" उत्तर ठरलेलं असतं: "नहीं साहब, पौधा सो रहा है. होली तक देखना."

काही झाडांबाबत हे उत्तर शंभर टक्के खरं असतं, काहींबाबत साफ थाप. थंडीत कोणतं झाड खरोखर झोपतं आणि कोणतं कधीच झोपत नाही, एवढं कळलं तरी निम्मे पैसे वाचतात. मुंबई-पुण्याहून बदली होऊन इथे आलेल्या मंडळींसाठी आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला वाडा सोडून फ्लॅटच्या बाल्कनीत आलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितो आहे. अंगणातल्या मातीत झाड लावणाऱ्याचं गणित वेगळं असतं. इथे फक्त कुंडीबद्दल बोलू.

१. आधी इथली थंडी समजून घ्या

मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली आलं की हवामान खातं शीतलहर जाहीर करतं, २ अंशांवर किंवा त्याखाली गेलं की तीव्र शीतलहर. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारी संपेपर्यंत ग्वाल्हेरला हे शब्द वर्तमानपत्रात नेहमी दिसतात. पण पेपरातला आकडा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेला असतो. निरभ्र रात्री उघड्यावरचं पान स्वतःची उष्णता आकाशात सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश जास्त गार होतं. म्हणून पेपरात ४ असताना गच्चीवरच्या पानावर सकाळी पांढरं दहिवर दिसू शकतं. यालाच इथे 'पाला पडला' म्हणतात; पुढे 'पाला' म्हणेन तो हाच, झाडाचा पाला नव्हे.

यात एक गंमत आहे. दाट धुक्याच्या रात्री आपण कुडकुडतो, पण झाडाला त्या रात्री तितक्या वाईट नसतात. धुकं आणि ढग पांघरुणासारखे वर राहतात. वारा नाही, आकाश स्वच्छ, चांदण्या लखलखीत, अशी रात्र मात्र कोवळ्या झाडाचा जीव घेते.

दुसरी गोष्ट कुंडीची. जमिनीतल्या मुळांना खालच्या मातीची ऊब असते. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गार हवा लागते, आणि मुळं फांद्यांइतकी थंडी सोसत नाहीत. तुमच्या शेजाऱ्यांच्या अंगणात जो पेरू दिमाखात उभा आहे, तोच १० इंची कुंडीत माना टाकतो तो यामुळे.

२. झोपणारी झाडं आणि न झोपणारी झाडं

नर्सरीत जाण्याआधी ही यादी डोक्यात ठेवा.

खरोखर झोपणारी: अंजीर, तुती, द्राक्ष, फालसा, पीच (इथले माळी 'आडू' म्हणतात), आलुबुखार, नासपती, सफरचंद. जानेवारीत यांच्या नुसत्या काड्या उभ्या असल्या तर घाबरू नका. उलट याच काळात ती हलवणं सोपं असतं. डाळिंबही इथल्या थंडीत बहुतेक पानं टाकतं.

उशिरा झोपणारी: सीताफळ आणि आवळा. ही थंडीच्या शेवटाकडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात. त्या वेळी ती बोडकी दिसली तर तो दोष धरू नका.

न झोपणारी: लिंबू, मोसंबी, संत्रं, आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, फणस, पपई, केळ. जानेवारीत यांच्यावर पान नसेल तर 'सो रहा है' ही थाप आहे. त्या झाडाला थंडीने झोडपलेलं असतं किंवा मुळं कुजलेली असतात. कसं ओळखायचं ते पुढे येईलच.

बोर या सगळ्यांत उलट्या स्वभावाचं. ऐन थंडीत ते हिरवं आणि फळांनी लगडलेलं असतं, पानं टाकतं ती उन्हाळ्यात. जानेवारीत बोडकं बोर कोणी दाखवलं तर पुढे चालू लागा.

पपई आणि केळ हिवाळ्यात घेऊच नका. पारा १० अंशांखाली गेला की पपईची वाढ थांबते आणि पाल्यात ती उभीच्या उभी बसते.

३. कधी घ्यायचं

घाई नसेल तर संक्रांत उलटू द्या आणि महाशिवरात्रीच्या मागेपुढे जा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा महिना इथे सर्वांत चांगला. थंडीने कोणाला मारलं आणि कोण वाचलं हे तोवर फुटव्यांवरून उघड झालेलं असतं. शिवाय मे महिन्यात पारा ४५ कडे जाण्याआधी मुळांना पसरायला वेळ मिळतो. ग्वाल्हेरमध्ये झाडाला वर्षातून दोन परीक्षा द्याव्या लागतात, आणि थंडीतून वाचलेली अर्धीमुर्धी रोपं मे महिन्यात नापास होतात.

आंबा आणि चिकू यांच्यासाठी मी पावसाळ्याचीच शिफारस करीन. जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या रोपाला थंडीआधी निदान चार महिने मिळतात.

डिसेंबर-जानेवारीत जायचंच असेल तर फक्त झोपणारी झाडं घ्या, किंवा सवलतीत निघालेलं एखादं जखमी झाड. सवलतीचा मोह वाईट नाही, पण तो कोणत्या झाडासाठी धरायचा हे सहावा मुद्दा वाचून ठरवा.

४. निघताना पिशवीत काय असावं

- लहान धारदार चाकू (नखानेही भागतं)
- मोबाइलची बॅटरी, कुंडीच्या भोकांतून आत पाहायला
- जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळी, घरी आणताना गुंडाळायला
- कायम शाईचा पेन आणि प्लास्टिकच्या पट्ट्या, जातीचं नाव लिहायला
- गच्चीचं किंवा बाल्कनीचं माप, आणि तिथे सकाळी की दुपारी ऊन येतं याची नोंद

शेवटची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत जानेवारीत ऊन अजिबात येत नाही. तिथे लिंबूवर्गीय झाड जगतं, पण फळत नाही.

५. रोप तपासणं

हा भाग सावकाश करा. माळ्याला आधी विचारा, "थोड़ा छीलकर देख लूँ?" चांगला माळी नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

साल. बारीक फांदीच्या टोकाजवळ नखाने तीळभर साल खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर एक वीत खाली या, पुन्हा खरवडा. असं करत खोडापर्यंत या. हिरवं कुठे सुरू होतं ते तुम्हाला पाहायचं आहे. झोपलेल्या अंजिराची काडी अगदी टोकापर्यंत हिरवी निघते. मेलेल्या लिंबाची फांदी खाली येईपर्यंत तपकिरीच राहते. वाकवूनही कळतं: जिवंत फांदी लवते, मेलेली कट्‌कन मोडते.

पानं. हिरव्या राहणाऱ्या झाडांत पानांचा रंग पुष्कळ काही सांगतो. गार मातीतून मुळं अन्न नीट उचलत नाहीत, त्यामुळे लिंबाची पानं फिकट पिवळी आणि पेरूची जांभळट तांबूस होतात. फेब्रुवारीत ऊब आली की नवी पानं पुन्हा हिरवी येतात, म्हणून एवढ्यासाठी झाड नाकारू नका. पाल्याने भाजलेलं पान वेगळं दिसतं. ते आधी पाण्यात भिजल्यासारखं दिसतं, मग तपकिरी किंवा काळं होऊन चुरगळतं.

आता सगळ्यांत उपयोगाची खूण. भाजलेली पानं गळून पडली असतील तर बहुधा फांदी जिवंत आहे, कारण देठाशी पान तोडून टाकायला झाडात जीव लागतो. भाजलेली पानं वाळून फांदीलाच लोंबत राहिली असतील तर तो फांदी मेल्याचा पुरावा समजा. लिंबूवर्गीय झाडांत ही खूण फारशी चुकत नाही. वरवर पाहता लोंबत्या पानांचं झाड भरलेलं वाटतं आणि बोडकं झाड भिकार, म्हणून नवखा माणूस नेमका उलटा निवाडा करतो.

खोड. मातीपासून वीतभर उंचीपर्यंतचं खोड फिरवून पाहा. साल उभी तडकलेली असेल किंवा लिंबू-मोसंबीच्या खोडातून डिंक येत असेल तर ते झाड फुकटही घेऊ नका. वरची फांदी पुन्हा येते, तडकलेलं खोड जुळत नाही.

मुळं. आमच्याकडच्या नर्सऱ्यांत थंडीपेक्षा जास्त रोपं पाण्याने मरतात. उन्हाळ्याची सवय असलेला पोऱ्या जानेवारीतही रोज पाइप मारतो. गार मातीत मुळं पाणी ओढत नाहीत, माती दिवसचे दिवस चिखल राहते आणि मुळं कुजतात. कुंडी उचलून पाहा. दगडासारखी जड असेल आणि बुडाशी आंबूस वास येत असेल तर सोडा. पिशवी असेल तर माळ्याला हळूच बाजूने सैल करायला सांगा आणि आत बॅटरी मारा. पांढरी किंवा मळकट पिवळसर, टणक मुळं चांगली. थंडीत पांढरी टोकं कमी असतात, तेवढ्यावर जाऊ नका. काळी, पोकळ, बोटाने दाबताच साल सुटून येणारी मुळं म्हणजे झाड गेलं, वर पानं हिरवी असली तरी. ती पानं आठवडाभराची पाहुणी असतात.

मुळं पिशवीत गोलगोल फिरून जाड वेटोळं झाली असतील तर रोप फार दिवस पडून आहे. अंजीर-तुतीला ते चालून जातं, आंब्याला नाही.

रांगेतली जागा. रोप कुठे ठेवलं होतं हेही पाहा. हिरव्या जाळीखालच्या रोपांना पाला कमी लागतो, त्यामुळे ती देखणी दिसतात. पण जानेवारीत तिथून उचलून तुमच्या उघड्या गच्चीवर आणली की पहिल्याच निरभ्र रात्री त्यांचं खरं वय कळतं. उघड्यावर राहून, चार पानं भाजून घेऊन वाचलेलं रोप मी केव्हाही पसंत करीन. बाल्कनी झाकलेली असेल तर जाळीखालचं घ्यायला हरकत नाही.

६. कलम की गुटी, हे आधी विचारा

वरचा भाग मेला आहे, खाली हिरवं आहे, आणि माळी अर्ध्या किमतीत द्यायला तयार आहे. घ्यावं का? झाड कसं तयार केलंय त्यावर उत्तर ठरतं.

अंजीर, डाळिंब, तुती, द्राक्ष ही बहुधा फाट्यापासून (फांदीचा तुकडा रोवून) किंवा गुटीने (फांदीला झाडावरच मुळं फोडून मग ती कापून) केलेली असतात. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच झाड. वरचं सगळं गेलं तरी बुडातून येणारी फूट त्याच जातीची असते. सवलतीत खुशाल घ्या. गुटीचा पेरू आणि गुटीचं कागदी लिंबू यांनाही हेच लागू.

आंबा, संत्रं, मोसंबी, सफरचंद, पीच आणि सुधारित बोर ही कलमं असतात. खुंट एकाचा, वरची फांदी दुसऱ्याची. खोडावर वाकडी गाठ किंवा रंगबदल दिसतो तो जोड. हिरवं जोडाच्या वरपर्यंत असेल तर झाड वाचलं. जोडाच्या खालीच थांबत असेल तर तुम्ही खुंट विकत घेताय. आंब्याच्या खुंटातून रायवळ येणार, संत्र्याच्या खुंटातून काटेरी जंबेरी किंवा रंगपूर लिंबू, आणि बोराच्या खुंटातून रानबोर. मार्चमध्ये हा खुंट जोमाने फुटतो, म्हणून माळी म्हणतो "देखो, निकल आया!" त्यात खोटं काही नसतं, निघालेलं मात्र तुमचं झाड नसतं.

पेरू हल्ली दोन्ही पद्धतींनी मिळतो, म्हणून जोड शोधूनच ठरवा.

७. हमखास फसवणारी रोपं

दूरवरून आलेलं रोप. ट्रक भरभरून रोपं येतात, बरीचशी आंध्रातल्या कडियमकडून आणि बंगालकडून. तिकडे आपल्यासारखी थंडी नसते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उतरलेलं रोप इथली पहिली थंडी थेट कुंडीत सोसतं. "कब आया?" हे विचारा. गेल्या पावसाळ्यात किंवा त्याआधी आलेलं असेल तर चालेल. लखनौजवळच्या मलिहाबादकडचं आंब्याचं कलम असेल तर ते अशाच थंडीत वाढलेलं असतं. बंगालच्या रोपांचा मातीचा गोळा बहुतेकदा चिकट असतो, वाळला की विटेसारखा होतो आणि ओला झाला की निचरा होत नाही. असं रोप थंडीत घेऊ नका.

जानेवारीत लकलकणारं रोप. पोपटी, तुकतुकीत, कोवळी फूट या दिवसांत निसर्गतः येत नाही. ते पॉलिहाउसमधून आलेलं असतं किंवा युरियाचं असतं. पाल्यात आधी हीच फूट जाते.

फळं लगडलेलं हातभर झाड. संत्र्याचं किंवा चिकूचं. फोटोला उत्तम. पण तेवढ्याशा मुळांवर तेवढी फळं म्हणजे झाडाची उपासमार. घेतलंत तर घरी आणून बहुतेक फळं काढून टाका. हात धजत नसेल तर घेऊ नका.

सफरचंद. हल्ली सगळे विचारतात म्हणून थोडं सविस्तर. 'अ‍ॅना', 'डॉर्सेट गोल्डन', 'एचआरएमएन-९९' या जातींना सफरचंदाच्या मानाने कमी थंडी पुरते, त्यामुळे मैदानात फळ धरल्याची उदाहरणं आहेत. 'अ‍ॅना' लावायची तर परागासाठी शेजारी 'डॉर्सेट गोल्डन' हवी, म्हणजे कुंड्या दोन. रोप कलमी हवं, बियांपासूनचं नको. खरं संकट मे-जूनच्या उन्हाचं, थंडी त्याला मानवतेच. पहिलं झाड म्हणून सफरचंद घेऊ नका. आधी अंजीर किंवा डाळिंब जगवून पाहा.

जानेवारीत कुरियरने मागवलेलं लिंबू-पेरूचं रोप. काही दिवस काळोखात आणि गार गोदामांत राहून येतं. झोपणारी झाडं कुरियरने येऊ शकतात, ही नाही.

८. कागद

रोपाला कसला कागद, असं वाटेल. पण जातीची खात्री तीन-चार वर्षांनी फळ आल्यावरच होते, आणि तोवर कोणाला काही आठवत नसतं. पुढील गोष्टी घ्या.

- बिल, त्यावर नुसतं 'आम' नको, जात आणि 'कलमी' की 'गुटी' हे लिहून
- कलम असेल तर खुंट कोणता, सांगत असतील तर तेही
- बदलून देण्याची बोली असेल तर बिलाच्या मागे तारखेसह: 'मार्चअखेर नाही फुटलं तर बदलून'
- रोपासकट लेबलचा आणि जोडाचा फोटो

रोप महागातलं असेल तर नर्सरीला राष्ट्रीय बागवानी बोर्डाची मान्यता आहे का ते विचारा. उद्यानिकी विभागाच्या शासकीय रोपवाटिकाही आहेत. तिथे निवड कमी असते, पण जातीच्या बाबतीत मला त्या जास्त भरवशाच्या वाटतात. राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आपल्याच गावात आहे, आपल्या हवेत कोणती जात चालते हे तिथल्या माणसाला विचारायला संकोच करू नका.

९. घरी आणल्यावर

स्कूटरवरून आणताना वारा लागतो, म्हणून वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. ई-रिक्षा केलीत तर उत्तम.

आल्या आल्या कुंडी बदलू नका. कडाक्याची थंडी असेल तर पिशवीसकट मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवा आणि मधल्या पोकळीत वाळकी पानं किंवा भुसा भरा. दक्षिण किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून जागा द्या, दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, नाजूक झाडं मध्ये आणि अंजीर-डाळिंब कडेला.

पाण्याबाबत दोन्ही टोकं वाईट. चिखल नको हे वर आलंच, पण ठणठणीत कोरडी मातीही लवकर गार पडते. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही सकाळी दहा-अकराच्या सुमारास. पाल्याची शक्यता असेल त्या दिवशी माती ओलसर असावी.

पांघरूण संध्याकाळी ऊन उतरताना घाला, सकाळी ऊन आल्यावर काढा. जुनी साडी, धोतर, गोणपाट काहीही चालतं. कडा खाली फरशीपर्यंत आल्या पाहिजेत, नाहीतर फरशीची ऊब बाहेर निघून जाते. प्लास्टिक घालायचंच असेल तर चार काठ्या रोवून त्यावर घाला, पानाला टेकू देऊ नका. टेकलेलं पान हमखास जळतं. लहान आंब्यासाठी आपल्याकडचे शेतकरी गवताची झोपडी करतात आणि आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवतात. गच्चीवर तुराट्या आणि गोणपाट घेऊन तेच करता येतं.

खत अजिबात नको. ना युरिया, ना शेणखताचा डोस. कोवळी फूट आली की ती पाल्याचं खाद्य.

१०. फेब्रुवारीनंतर

करपलेल्या फांद्या लगेच छाटायचा हात शिवशिवतो. थांबा. फुटवे दिसेपर्यंत मेलेलं आणि जिवंत यांची सीमा नक्की कळत नाही, आणि वरच्या करपलेल्या पानांचा खालच्या फांद्यांना आडोसाही असतो. नवी फूट बोटभर झाली की सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) जिवंत भागापर्यंत कापा. कलमी झाडाच्या जोडाखालून आलेली फूट मात्र दिसेल तेव्हा बोटाने खुडून टाका. एकदा माजली की वरचं कलम उपाशी मरतं.

कुंडी बदलायची ती याच सुमारास. पिशवीपेक्षा दोन-तीन इंच मोठी पुरे, लहान रोपाला एकदम १८ इंची कुंडी दिली तर मुळांपलीकडची माती ओली राहून कुजते. पोयट्याची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. जोड मातीच्या वर राहू द्या. पहिलं खत पानं पूर्ण उघडल्यावर. एप्रिल लागला की हिरवी जाळी आणून ठेवा, मे महिन्यात दुकानदार भाव वाढवतात.